विज्ञानकादंबरीचे चित्रपटीय रूपांतर : निष्ठेचा प्रश्न

कादंबरीवरून चित्रपट निघाला की त्याच्याविषयी जी भाषा वापरली जाते ती पाहण्यासारखी असते. दिग्दर्शक मूळ कृतीशी ‘प्रामाणिक’ राहिला, त्याने कादंबरीला ‘न्याय दिला’, किंवा तिचा ‘विपर्यास केला’, तिच्यावर ‘अन्याय केला’ असे म्हटले जाते. हे सगळे शब्द सौंदर्यशास्त्रातले नव्हेत, नीतिशास्त्रातले आहेत. चित्रपट रटाळ झाला, विस्कळीत झाला असे म्हणण्यापेक्षा तो बेइमान झाला असे म्हणणे समीक्षकाला अधिक जवळचे वाटते. इमान कोणाशी राखायचे असते, हे मात्र क्वचितच स्पष्ट केले जाते. लेखकाशी? कथानकाशी? की आणखी कशाशी?

मराठीला या प्रश्नाची जाच वाटावी असे तिच्या इतिहासात फारसे नाही. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, आणि या रूपांतरांत शेक्सपिअरची फसवणूक झाली असे त्या काळच्या प्रेक्षकाला वाटले नाही. नाटक रंगले की नाही एवढेच तो पाहत होता. मुदखेडच्या जंक्शनवर ‘रूपांतर’ हा शब्द बरीच वर्षे वेगळ्याच अर्थाने ऐकू येत असे. मुदखेडहून भोकर-किनवटमार्गे आदिलाबादला जाणारा लोहमार्ग मीटरगेज होता, त्याचे ‘ब्रॉडगेजमध्ये रूपांतर’ व्हावे ही त्या भागातली जुनी मागणी होती, आणि पुढे ते झाले. रुळांमधले अंतर बदलले, जुने डबे गेले, नवे आले. गावे तीच राहिली. या अर्थाने पाहता रूपांतराची कसोटी सोपी होते. गाडी जिथे जायची तिथे ती अजूनही जाते काय?

जॉर्ज ब्लूस्टोन यांनी १९५७ साली ‘नॉव्हेल्स इंटू फिल्म’ या ग्रंथात कादंबरी आणि चित्रपट यांची माध्यमे मुळातच वेगळी असल्याने निष्ठेची अपेक्षाच गैर ठरते, असा युक्तिवाद केला. एक मनाच्या आत उलगडते, दुसरे डोळ्यांसमोर. तेव्हा चित्रपट हा कादंबरीच्या कच्च्या मालातून घडवलेला स्वतंत्र पदार्थ मानला पाहिजे. हा विचार आता अभ्यासक्षेत्रात जवळजवळ सर्वमान्य आहे, आणि सामान्य कादंबरीपुरता तो पुरतोही. विज्ञानकादंबरीच्या बाबतीत मात्र काहीतरी शिल्लक उरते.

ते काय, हे समजण्यासाठी या वाङ्मयप्रकाराचे रूप लक्षात घ्यावे लागते. डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये विज्ञानसाहित्याची व्याख्या करताना एका ‘नव्या’ घटकावर भर दिला. लेखक ज्ञात जगात एकच अज्ञात गोष्ट आणून ठेवतो, आणि तिचे परिणाम बुद्धीला पटतील अशा क्रमाने उलगडत जातो. ‘असे असते तर’ हे तिचे बीजवाक्य असते. परीकथेत राजकुमाराचा बेडूक झाला तर पुढे काय व्हावे यावर कसलेही बंधन नसते. विज्ञानकथेत एकदा नियम सांगितला की लेखकही त्याचा बांधील होतो. वाचकाशी झालेला हा एक करार असतो. साहित्याचे माध्यम शब्द नसून भावनात्मक अर्थ हे होय, असे मर्ढेकर मानत. तसे असेल तर एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना भावना पोहोचली की काम भागले. पण विज्ञानकादंबरीत भावनेइतकाच युक्तिवादही आशयाचा भाग असतो, आणि युक्तिवादाची गंमत अशी की त्याची एक पायरी काढून घेतली तर उरलेला जिना दिसायला तसाच राहतो. चढता येत नाही, इतकेच.

मराठीत हा प्रकार तसा नवा नाही. ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचे रूपांतर ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० सालीच येऊ लागले होते. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. जयंत नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी विज्ञानकथेला स्वतःची भूमी मिळवून दिली. मराठी चित्रपटाने मात्र या भूमीकडे जवळजवळ पाठच फिरवली. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेलांचे दिग्दर्शन यांतून १९७९ मध्ये ‘सिंहासन’ उभा राहिला. त्याच साधूंची ‘विप्लवा’ ही विज्ञानकादंबरी पुस्तकातच राहिली. पैशाची अडचण हे याचे एक कारण खरे, पण ते सगळे कारण नव्हे. नारळीकरांच्या कित्येक कथांना यंत्रांचा देखावा लागतच नाही. एक खोली, दोन माणसे आणि एक तर्क एवढ्यावर त्या चालतात. अडचण कदाचित त्या तर्काचीच असावी.

त्यामुळे मराठी वाचकाला या प्रश्नाचा विचार परकीय उदाहरणांवर करावा लागतो. तोही उलट्या क्रमाने. मुदखेडसारख्या गावात, किंवा भोकर-किनवटकडे, फ्रँकेनस्टाइन हे नाव पुस्तकातून कळलेला विद्यार्थी विरळा. आधी हिंदीत डब झालेला चित्रपट येतो, किंवा चित्रपटावरून काढलेले व्यंगचित्र. पुस्तक आलेच तर एम.ए.च्या वर्गात येते. ज्याला समीक्षा ‘मूळ’ म्हणते ते या वाचकाच्या अनुभवात नंतरचे असते, आणि पुष्कळदा येतच नाही. ‘ज्याला कादंबरी हवी त्याने ती वाचावी, चित्रपट तिचे काही बिघडवत नाही’ हे विधान मोठ्या ग्रंथालयाशेजारी राहणाऱ्यालाच परवडते. पुस्तक जिथे पोहोचत नाही तिथे चित्रपट हीच कादंबरी असते, आणि तिथे त्याची जबाबदारी वाढते.

मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ १८१८ ची. जेम्स व्हेलचा चित्रपट १९३१ चा, आणि तोही थेट कादंबरीवरून नव्हे, पेगी वेब्लिंग यांच्या नाटकावरून. या दोहोंमधला सर्वांत मोठा फरक कथानकाचा नाही. कादंबरीतला निर्मित जीव बोलतो. चित्रपटातला मुका आहे. कादंबरीचे निवेदन एकात एक अशा तीन पेट्यांचे आहे. बाहेर वॉल्टनची पत्रे, त्यांच्या आत व्हिक्टरची कहाणी, आणि अगदी गाभ्यात त्या जीवाचे स्वतःचे आत्मनिवेदन. तो एका झोपडीच्या भिंतीआड लपून द लेसी कुटुंबाचे बोलणे ऐकतो, भाषा शिकतो, व्होल्नीच्या ग्रंथातून साम्राज्यांचा आणि अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या नाशाचा इतिहास ऐकतो, मिल्टन, प्लुटार्क आणि ग्योटे वाचतो. मग तो आपल्या निर्मात्यासमोर उभा राहून मुद्देसूद प्रश्न विचारतो : मी चांगला होतो, दुःखाने मला असे केले, याची जबाबदारी कोणाची?

व्हेलच्या चित्रपटात हा प्रश्न विचारलाच जाऊ शकत नाही, कारण त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. मदतनीस फ्रिट्झच्या हातून चांगला मेंदू असलेली बरणी पडते, आणि तो विकृत मेंदूची बरणी घेऊन येतो. तो जीव जन्मतःच बिघडलेला ठरला. समाजाचा, निर्मात्याचा, तिरस्काराचा हिशेब एका बरणीत मिटला. बोरिस कार्लॉफच्या अभिनयात करुणा आहे हे कोणीही नाकारणार नाही. छतातून आलेल्या उजेडाकडे तो हात उंचावतो तो क्षण चित्रपटाच्या इतिहासातल्या थोर क्षणांपैकी आहे. पण एखाद्याची कीव येणे आणि त्याचे म्हणणे ऐकावे लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मराठी वाचकाला हा भेद नव्याने सांगायला नको. दलितांच्या दुःखाविषयी कणव मराठी कथा-कादंबरीत पुष्कळ आधीपासून होती. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, पाठोपाठ प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. तेव्हा बदलले ते दुःखाचे वर्णन नव्हे, बदलले ते निवेदनाचे स्थान. येथे तुलना माणसांची नाही, त्या स्थानाची आहे. ज्याच्याविषयी बोलले जात होते तो ‘मी’ म्हणून बोलू लागला की ऐकणाऱ्याची सुटका संपते. व्हेलने नेमका तो ‘मी’ काढून घेतला.

येथे एक अडचण मांडली पाहिजे. ही वाचा पहिल्यांदा चित्रपटाने काढून घेतलेली नाही. १८२३ मध्येच पीकच्या नाटकात तो जीव रंगभूमीवर मुका होऊन आला, आणि ते नाटक पाहायला खुद्द मेरी शेली गेली होती. ती संतापली नाही, उलट तिला त्यात गंमत वाटली. जाहिरातीत त्या पात्राच्या नावाची जागा कोरी ठेवली होती, ती कल्पना तिला आवडली. तेव्हा निष्ठा लेखकाच्या संमतीवर मोजायची झाली तर खटलाच निकालात निघतो. पण लेखिका हसली म्हणून त्या जीवावरचा अन्याय कमी होत नाही. रूपांतरकाराचे देणे लेखकाला असते असे मानण्यातली उणीव येथे उघडी पडते.

आणखी एक गोष्ट कादंबरीतच दडलेली आहे. त्या जीवाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारा तिच्या गाभ्यातला माणूस म्हणजे म्हातारा द लेसी, आणि तो आंधळा आहे. डोळस मुले घरात येताच सारे संपते. वाचकही त्या म्हाताऱ्याच्याच जागी बसलेला असतो. त्याला त्या जीवाचा चेहरा दिसत नाही, फक्त शब्द ऐकू येतात, म्हणून तो न्याय करू शकतो. (नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली, त्यामागे परीक्षकांनी चेहरा न पाहता मजकूर पाहावा हीच इच्छा असणार.) चित्रपट जात्याच डोळस आहे. तो आधी चेहरा दाखवतो, मग बोलू देतो. व्हेलला हे कळले असावे, कारण १९३५ च्या उत्तरार्धात त्याने एक आंधळा तपस्वी आणला आणि त्याच्या हातून त्या जीवाला चार शब्द शिकवले. माध्यमाने आपली मर्यादा ओळखून केलेली ती अर्धीमुर्धी परतफेड म्हणावी लागेल.

म्हणून कादंबरीपासून दूर जाणे हाच दोष, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. फिलिप डिकची ‘डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?’ (१९६८) आणि रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ (१९८२) ही जोडी याच्या अगदी उलट आहे. कादंबरीत परदुःखाची जाणीव हीच माणसाची खूण आहे, आणि कृत्रिम मानवांना ती नाही. त्यांच्यातली एक कात्रीने कोळ्याचे पाय एकेक करून कापते, ते पान विसरता येत नाही. चित्रपटात मरणाऱ्या रॉय बॅटीला बोलायला मिळते, आणि आपला पाठलाग करणाऱ्याला तोच वाचवतो. डिकने जे नाकारले ते स्कॉटने दिले. म्हणजे चित्रपट कादंबरीच्या उत्तराशी पूर्णपणे बेइमान आहे. प्रश्न मात्र तोच राहिला : माणूस कशावरून ओळखायचा? तो अधिक टोकदार झाला असेही म्हणता येईल. डिकने काही प्रसंगांचे तुकडे पाहिले होते आणि ते पाहून तो हरखला होता; पूर्ण चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी, मार्च १९८२ मध्ये, तो वारला. उत्तर बदलणे हा रूपांतरकाराचा हक्क आहे. प्रश्न पुसणे हा नाही.

उलट शब्दशः निष्ठा राखूनही प्रश्न पुसता येतो. वेल्सच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’च्या (१८९८) पहिल्याच प्रकरणात निवेदक वाचकाला टास्मानियाच्या लोकांची आठवण देतो. मंगळवासीयांना क्रूर म्हणण्यापूर्वी युरोपीय माणसाने तिथे काय केले ते आठवा, असे तो सुनावतो. वसाहतीत राहिलेल्या समाजाच्या दृष्टीने त्या कादंबरीचा कणा हाच आहे. बायरन हॅस्किनच्या १९५३ च्या चित्रपटात कथा कॅलिफोर्नियात गेली आणि हा कणा गळाला. कादंबरीतला पाद्री भित्रा, बडबड्या, निवेदकाला संकटात टाकणारा आहे. चित्रपटातला पाद्री बायबल हाती धरून शत्रूला सामोरा जातो आणि हुतात्मा होतो. शेवटी जंतूंनी मंगळवासी मरतात तेव्हा ईश्वराच्या शहाणपणाविषयीचे वाक्य येते. ते वेल्सचेच आहे, पण चित्रपटात ते प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमलेल्या माणसांच्या दृश्यानंतर येते, आणि त्यामुळे प्रार्थना फळाला आल्याचे ते प्रमाणपत्र होऊन बसते. कादंबरीत तो रोगप्रतिकाराचा निसर्गनियम होता.

हा धोका मराठी वाचकाला परका नाही, कारण नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेचा विषयच तो आहे. कलकत्त्यातला एक हौशी आकाशनिरीक्षक धूमकेतू शोधतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणिताने दिसते. शास्त्रज्ञ गुप्तपणे यान पाठवून स्फोटाने त्याची वाट बदलतात. इकडे घरी यज्ञ केला जातो, आणि संकट टळल्याचे श्रेय यज्ञाला मिळते. कथेतला उपरोध सगळा वाचकाला ठाऊक असलेल्या आणि घरच्यांना ठाऊक नसलेल्या त्या एका गोष्टीवर उभा आहे. गद्यात तो सहज पेलतो. कॅमेरा मात्र यज्ञकुंडापुढे आला की त्याला ज्वाळा, धूर, मंत्रांचा घोष यांचा मोह पडतो. यानाचे उड्डाण त्या मानाने लांबचे आणि थंड. कथेतले एकही वाक्य न बदलता, केवळ कोणते दृश्य किती वेळ दाखवायचे यातून, ही कथा यज्ञाची महती सांगणारी करता येईल. कोणी म्हणेल, प्रेक्षक एवढा भोळा नसतो. असेलही, पण कथेतली ती घरची माणसेही भोळी नाहीत, सुशिक्षित आहेत, हेच तर नारळीकरांना टोचले होते.

तारकोव्हस्कीच्या ‘सोलारिस’ची (१९७२) गोष्ट मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही. स्टानिस्लाव लेमच्या १९६१ च्या कादंबरीत नायक पहिल्याच पानांत त्या परग्रहाच्या स्थानकावर उतरतो. तिथला जिवंत महासागर काय आहे याचा शोध घेणाऱ्या शास्त्राचा शतकभराचा इतिहास, त्याचे पंथ, त्याचे अपयश हे सारे लेम सविस्तर सांगतो, कारण त्याला ज्ञानाच्या सीमेविषयी बोलायचे आहे : जे माणसासारखे मुळीच नाही ते माणसाला कधी कळेल काय? तारकोव्हस्की आधी बराच वेळ पृथ्वीवर घालवतो, बापाचे घर, तळे, पाऊस. आणि शेवटही त्या घराशी करतो. मृत पत्नीचे परत येणे त्याच्याकडे अपराधी विवेकाची कहाणी होते. लेमची तक्रार होती की या माणसाने ‘सोलारिस’ केलाच नाही, दस्तयेव्हस्कीची ‘गुन्हा आणि शिक्षा’ केली. २००२ च्या सोडरबर्गच्या चित्रपटाविषयी तर त्याने, पुस्तकाचे नाव अंतराळातले प्रेम असे नव्हते, याची आठवण करून दिली.

लेमची तक्रार रास्त आहे आणि तारकोव्हस्कीचा चित्रपट थोर आहे. ही दोन्ही विधाने एकत्र ठेवणे अवघड जाते, म्हणून बहुतेक समीक्षक त्यांपैकी एक सोडून देतात. येथे प्रश्न पुसलेला नाही, त्याच्या जागी दुसरा आणून बसवला आहे. लेमच्या अखेरीस नायक महासागराकडे हात पुढे करतो, लाट हाताभोवती वळते पण त्याला स्पर्श करत नाही. मध्ये हवेचा पातळ थर राहतो. तारकोव्हस्कीला हा थर सहन झाला नसावा. त्याने तिथे बापाचे घर उभे केले. परक्याला परके राहू देणे हेही एक नैतिक कर्तव्य आहे असे मानले, तर हा दोष मोठा ठरतो. पण तारकोव्हस्कीने महासागराला कुठेही सुलभ केलेले नाही, त्याच्या तोंडी मानवी हेतू घातलेले नाहीत, एवढे त्याच्या बाजूने नोंदवणे भाग आहे. सोडरबर्गच्या बाजूने तेवढे म्हणता येत नाही. क्लार्क आणि कुब्रिक यांच्या ‘२००१’ची गोष्ट वेगळी, तिथे कादंबरी आणि पटकथा १९६८ पूर्वी जवळजवळ एकत्रच लिहिल्या गेल्या, तेव्हा मूळ कोणते हा वादच उरत नाही.

मराठी विज्ञानकथा उद्या पडद्यावर आलीच तर तिची खरी परीक्षा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेवर होईल. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जातात जिथे १७६१ मध्ये मराठे पानिपत जिंकले होते. पुरावा काय, तर भाऊसाहेबांच्या बखरीतला एक उतारा. आपल्या जगातल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. तिथल्या बखरीत ती कानाजवळून निघून जाते. फरक एवढाच. एक गोळी, दोन शक्यता, आणि त्यांमागे पुंजभौतिकीतला अनिश्चिततेचा विचार. नारळीकरांनी जिंकलेल्या लढाईचे वर्णन करण्याचा मोह टाळला आहे. त्यांचा प्रश्न ‘आपण जिंकलो असतो तर किती बरे झाले असते’ असा नाही. एका क्षुल्लक घटनेवर इतिहास कसा फांद्या फोडतो आणि आपण ज्या फांदीवर बसलो आहोत तीच एकमेव खरी कशावरून, असा आहे.

या कथेवर चित्रपट काढणाऱ्याच्या हाती घोडे, हत्ती, तोफा आणि भगवी निशाणे आयती आहेत, आणि पानिपताची सल महाराष्ट्रात अजून ओली आहे. विजयाचे दहा मिनिटांचे दृश्य दाखवले की चित्रपटगृहात घोषणा होतील, आणि कथा तिथेच संपेल. तिचा विचारप्रयोग इच्छापूर्तीत विरघळून जाईल. हे टाळायचे तर दिग्दर्शकाला सगळ्यांत कमी दृश्य असलेली वस्तू निवडावी लागेल. गंगाधरपंत परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या बखरीचे एक फाटके पान सापडते. कॅमेऱ्याने त्या पानावर इतका वेळ थांबले पाहिजे की मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते ओळीओळीने वाचता येईल, आणि मग आपल्या बखरीतला तोच उतारा त्याच्याशेजारी ठेवून पुन्हा वाचता येईल.